गाठ जुनी म्हणून हिशेब माफ नाही

तिबेटी गालिच्याविषयी नागपुरातल्या सुशिक्षित घरांत एक मत सिद्धान्ताच्या थाटात वावरते. धंतोलीत ते अधिकच ऐकू येते. इथल्या जुन्या वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या घरांत अशा गालिच्यांना मानाची जागा आहे. मत असे की, हाताने विणलेला, परंपरेने आलेला आणि तिबेटी निर्वासिताने केलेला लोकरी गालिचा ही मुळातच नैतिक वस्तू आहे. त्याची अधिक चौकशी करणे म्हणजे कारागिराचा अपमान. हे मत मांडणारी माणसे सज्जन आहेत, वाचणारी आहेत, त्यांतली काही माझ्या जवळची आहेत. तरीही ते मत चूक आहे. एवढेच असते तर मी गप्प बसलो असतो. पण ज्या कलेवर ते माया करते तिचाच गळा ते आवळते, म्हणून लिहिणे भाग आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. समोरच्याचे म्हणणे दुबळे करून ते खोडण्यात काही अर्थ नाही.

पूर्वपक्ष म्हणतो: कारखान्यात माणूस यंत्राच्या वेगाने राबतो, मागावर तो स्वतःच्या लयीने विणतो, तेव्हा हातकामात शोषणाला जागाच कमी. ही विद्या आईकडून मुलीकडे आली. तिच्यात मालक आणि मजूर हे नाते नाही. लोकर मेंढीची, रंग मुळांचा आणि सालींचा. धूर नाही, रसायन नाही. आणि विणणारे कोण? १९५९ नंतर सर्वस्व मागे टाकून आलेले, करुणेला धर्माचे मूळ मानणारे लोक. त्यांनी सहकारी केंद्रे उभारली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांभाळले, कोणापुढे हात पसरला नाही. अशा हातांचा गालिचा घेणे म्हणजे उखडलेल्या समाजाला आधार देणे. नागपूरकराला तर हे चटकन पटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहराने लाखो माणसांना बुद्धाच्या वाटेवर जाताना पाहिले, त्या शहराला बौद्ध कारागिराविषयी आपलेपणा न वाटला तरच नवल.

यातली बरीच विधाने खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कारण तिच्याविषयी भरभरून बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती होताना पाहिलेली नसते. तिबेटी माग उभा असतो. ताणा वरखाली ताणलेला, विणणारी त्याच्यासमोर बसलेली. इराणी किंवा तुर्की पद्धतीत एकेक गाठ मारली की धागा तिथल्या तिथे कापतात. तिबेटी पद्धत निराळी. ताण्यासमोर एक आडवी सळई धरायची, लोकरीचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांभोवती घेऊन सळईवरून वळवायचा आणि पुढच्या जोडीकडे न्यायचा. रंग बदलेपर्यंत धागा तुटत नाही. ओळ पुरी झाली की सळईवरची वेटोळी सुरीने सरळ कापायची, सळई मोकळी करायची, बाणा घालायचा आणि पंजाने ठोकून ओळ घट्ट बसवायची. सळई जितकी जाड तितकी लव उंच. शेवटी कातरीने नक्षीच्या कडा कोरायच्या, मग कमळाची पाकळी किंवा ड्रॅगनचा खवला जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. बसायला आणि निजायला वापरायचा साधारण तीन फूट बाय सहा फुटांचा 'खादेन' हे या विद्येचे घरगुती रूप. उंच पठारावरच्या मेंढीच्या लोकरीत चरबीचा अंश भरपूर असतो. म्हणून हा गालिचा वर्षानुवर्षे पायांखाली राहूनही मळकट होण्याऐवजी तकाकतो. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, रेवंदचिनीचा पिवळा आणि अक्रोडाच्या सालीचा तपकिरी, या चार रंगांतून या लोकांनी जे उभे केले ते पाहून मी आजही थबकतो.

पण गाठ सुंदर आहे एवढ्याने ती घालणारीला पोटभर मिळाले हे सिद्ध होते काय?

पहिला मुद्दा हाताचा. हातकाम म्हणजे स्वातंत्र्य असे ज्यांना वाटते त्यांनी येरवड्याच्या तुरुंगाचा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येरवड्याच्या कैद्यांनी विणलेले गालिचे नावाजलेले होते. विजापूरच्या असार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला तिथे होत. तिकडे आग्र्याच्या तुरुंगात विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात जाऊन पडला. सगळे काम हाताचे, जुन्या वळणाचे. विणणारा मात्र गजांआड. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या जाणकारांनी तुरुंगी गालिच्यांवर टीका केली खरी. पण तिचा रोख कलेचा दर्जा घसरतो आणि पिढीजात विणकर बुडतो यावर होता. कैद्याच्या हातात काय पडते, हा प्रश्न रसिकांच्या यादीत फार खाली होता. आजही तो तिथेच आहे.

आता उलट बाजू. १ जानेवारी १८७७ रोजी याच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. यंत्रे, भोंगा, धूर, पूर्वपक्षाला नको असलेले सगळे तिथे होते. आणि जमशेटजी टाटांच्या त्याच गिरणीत १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, १८९५ साली अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई देण्याची सोय झाली. भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ साली. गिरणीत सारे आलबेल होते असे मी म्हणत नाही. मजुरीच्या दरावरून १८७७ सालीच तिथे संप झाला. आपल्या देशातल्या पहिल्यावहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. पण या संपातच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. गिरणीतला कामगार शेजाऱ्याची मजुरी जाणत होता, म्हणून त्याला थांबता आले, सगळ्यांसह थांबता आले. झोपडीत एकट्या मागासमोर बसलेली बाई कोणासह थांबणार? तिची 'स्वतःची लय' ठेकेदाराने दिलेल्या मुदतीत संपते. हात की यंत्र, हा नैतिकतेचा निकषच नव्हे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. परंपरा स्वतः काय सांगते? जुन्या तिबेटात जमीन सरदार घराण्यांची, मठांची आणि शासनाची होती. शेतकरी कुळे जमिनीला बांधलेली, आणि धान्याप्रमाणे श्रमही कर म्हणून देणे त्यांना भाग होते. ग्यांत्सेच्या परिसरातले उंची विणकाम बड्या घराण्यांच्या आश्रयाने वाढले. आश्रय हा शब्द कानाला गोड लागतो. त्याखाली वेठ किती आणि वेतन किती हे शोधायला गेले की गोडी ओसरते. चीनचे सरकार हाच इतिहास आपल्या आक्रमणाच्या समर्थनासाठी वापरते, हे मी विसरलेलो नाही. एका अन्यायाने दुसरा धुतला जात नाही. जुन्या व्यवस्थेत सुधारणा हवीच होती, हे खुद्द दलाई लामांनीही मान्य केले आहे. मग ज्या व्यवस्थेचे समर्थन तिचा सर्वोच्च वारसदार करत नाही, तिच्या नावाने आपण निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र कसे काय देतो?

आणि पिढीजात धंद्याचे गोडवे नागपूरने गावेत, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. जन्माने ठरलेला व्यवसाय माणसाची निवड हिरावून घेतो आणि समाजाला तुकड्यांत गोठवतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंहारा'वरच्या निबंधात निर्विवादपणे मांडले. त्यांच्या नावाने ज्या शहराची ओळख जगभर झाली तिथला रसिक विणकराच्या मुलीबद्दल म्हणतो, "तिच्या रक्तातच विणकाम आहे." कोणाच्याही रक्तात विणकाम नसते. ते शिकावे लागते. आणि शिकायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या मुलीचा असतो.

'आईकडून मुलीकडे' या सुरेख शब्दांआड एक प्रश्न सतत लपतो: मुलगी किती वर्षांची? १९८६ च्या बालमजुरी कायद्याने गालिचा विणणे हे मुलांसाठी निषिद्ध कामांच्या यादीत घातले. लोकरीची धूळ, अंधूक उजेड, तासन्‌तास वाकलेली पाठ, धारदार सुरी. यादीत घालायला कारणे पुरेशी होती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर बंदी केली, पण घरच्या, घातक नसलेल्या व्यवसायात शाळेनंतर मदत करण्याची सूट ठेवली. त्या सुटीच्या समर्थनार्थ कोणता युक्तिवाद झाला? मूल घरातच परंपरागत कसब शिकते, हाच. म्हणजे दिवाणखान्यातले भाबडे कौतुक दिवाणखान्यातच राहत नाही. ते कायद्यापर्यंत पोहोचते. घातक कामांना ती सूट नाही हे खरे; पण माग घरात हलवला की निरीक्षकाला दार कोण उघडणार?

इथे एक जुने असत्यही गाडून टाकू. मुलांची बोटे नाजूक आणि चपळ असतात, म्हणून बारीक गाठ त्यांनाच जमते, असे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आणि गिऱ्हाईक मान डोलावत आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी १९९० च्या दशकात डेबोरा लेव्हिसन, रिचर्ड अँकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या गालिचा उद्योगाचा अभ्यास केला. त्यात हा दावा टिकला नाही. उत्तमोत्तम बारीक गालिचे विणण्यात प्रौढ कारागीर मुलांपेक्षा उणे नव्हते. मूल मागावर बसवले जाते ते स्वस्त म्हणून. आणि ती बचतही गालिच्याच्या अंतिम किमतीत इतकी थोडी की गिऱ्हाईकाला ती जाणवू नये. बोटांची गोष्ट केवळ मजुरी लपवण्यासाठी रचलेली होती.

तिसरा मुद्दा निसर्गाचा. त्यावर फार रेंगाळायला नको. नीळ पूर्णपणे नैसर्गिक रंग आहे. १८५९ साली बंगालचा शेतकरी कशाविरुद्ध उठला? १९१७ साली गांधीजी चंपारणला कशासाठी गेले? त्या नैसर्गिक निळीसाठीच. रंग वनस्पतीचा आहे म्हणून त्याच्या लागवडीतली जबरदस्ती नाहीशी होत नाही. शिवाय 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा प्रत्येक गालिचा तसा असतोच असे नाही. काठमांडूत गालिचे धुण्याच्या रासायनिक पाण्याने बागमती आणि विष्णुमती या नद्या नासल्या. धुण्याच्या पाण्याचा रंग न पाहता ताणा पाहून जो समाधानी होतो, त्याने निसर्गाचे नाव घेऊ नये.

आता चौथा मुद्दा. पूर्वपक्षाचा हाच खरा किल्ला: निर्वासितांची सहकारी केंद्रे. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण मला जे म्हणायचे आहे त्याचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्या प्रतिपक्षानेच पुढे केला आहे.

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये दार्जिलिंगला तिबेटी निर्वासित स्वावलंबन केंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी नेपाळमध्ये, पाटणजवळच्या जावलाखेलला, रेडक्रॉसच्या मदतीने गालिचे विणण्याचे केंद्र निघाले. भूगर्भशास्त्रज्ञ टोनी हागेन यांचा त्यात मोठा वाटा होता. उपाशी, आजारी, उंच पठाराच्या थंडीतून खालच्या उबदार हवेत आलेल्या लोकांना काम हवे होते, आणि त्यांच्यापाशी उरलेल्या थोड्या गोष्टींत ही गाठ होती. या केंद्रांत मजुरी ठरलेली होती. मुलांसाठी शाळा आणि पाळणाघर होते. विक्रीतून उरलेला पैसा आजाऱ्यांवर आणि वृद्धांवर खर्च होई. अशी केंद्रे वंदनीय आहेत. यात दुमत नाही.

पण विचारा, हे चांगुलपण आले कुठून? गाठीतून? गाठ तर शतकानुशतके तीच होती. करुणेच्या धर्मातून? तो धर्मही ग्यांत्सेत तोच होता. नवे काय होते? हिशेबाची वही, ठरलेला दर, सभासदांचे मत, शाळेची घंटा. म्हणजे जे परंपरेत नव्हते तेच. नैतिकता त्या संस्थेच्या रचनेत होती.

याची परीक्षाही इतिहासाने घेतली. जावलाखेलच्या यशानंतर काठमांडूच्या खोऱ्यात खासगी कारखान्यांचे पेव फुटले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गालिचा ही नेपाळच्या निर्यातीतली सर्वांत मोठी वस्तू बनली. सर्वांत मोठे गिऱ्हाईक जर्मनी. माग तोच, सळई तीच, नक्षी तीच. लोकर मात्र बव्हंशी न्यूझीलंडची, तिबेटी लोकरीत मिसळलेली. काही मालक तर तिबेटीच होते. आणि मागांवर? डोंगरातल्या खेड्यांतून दलालांनी आणलेली नेपाळी मुले, रात्री मागाशेजारीच झोपणारी. १९९४ साली जर्मन दूरचित्रवाणीने ते चित्र दाखवले आणि मागणी कोसळली. एकच कला, एकच शहर, एकच पिढी. एकीकडे पाळणाघर, दुसरीकडे दलाल. कलाच नैतिकतेची हमी देत असती तर असे दोन निकाल कसे लागले असते? पूर्वपक्षाने या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, मी माझे बाकीचे सगळे मुद्दे मागे घेईन.

मग हमी कशात शोधायची? सोप्या जागेपासून सुरुवात करू: किमतीपासून. तीन बाय सहाचा खादेन म्हणजे १८ चौरस फूट, म्हणजे २,५९२ चौरस इंच. चौरस इंचाला ६० गाठी धरल्या तर १,५५,५२० गाठी झाल्या. निष्णात विणकर दिवसाला ८,००० गाठी घालते असे समजा. साडेएकोणीस दिवस लागतील. रोज ४०० रुपये धरला तर केवळ विणण्याचे ७,८०० रुपये. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकाने आपल्या माहितीप्रमाणे बदलावेत. पण यात लोकर धरलेली नाही. पिंजणे, कातणे, रंगवणे, धुणे, कातरणे धरलेले नाही. मागाची जागा नाही, दुकानदाराचा नफा नाही. असे असताना 'अस्सल हाताचा' खादेन पाच हजारांत पटकावल्याचे जेव्हा कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा उरलेली रक्कम कोणी भरली? कोणीतरी भरलीच आहे. ती दुकानदाराने भरली असण्याची शक्यता वाचकानेच अजमावावी.

उलट, महाग म्हणजे न्याय्य असेही नाही. पन्नास हजारांच्या गालिच्यातले विणणारीपर्यंत किती झिरपले, हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. म्हणून विचारावे लागते. मजुरी रोजावर की गाठींच्या संख्येवर? संख्येवर असेल तर मोजतो कोण? उचल दिली आहे काय, आणि फिटेपर्यंत काम सोडता येते काय? ऊसतोड कामगाराची उचल महाराष्ट्राला नवी नाही; उचल आणि मुकादम मिळून माणसाला कसे बांधतात हे आपण दर हंगामात पाहतो. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे, आणि तो शेतापुरता नाही, मागालाही लागू आहे. मागाच्या खोलीत खिडकी किती मोठी? धुण्याचे पाणी कुठे जाते? यातला एकही प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नाही. सगळे हिशेबाचे आहेत, आणि सगळ्यांची उत्तरे देता येतात.

देता येतात, कारण कोणीतरी ती द्यायला लावली. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 'रगमार्क' ही खूण सुरू झाली. आज ती 'गुडविव्ह' या नावाने ओळखली जाते. गालिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी, मागांची पूर्वसूचना न देता तपासणी, सापडलेल्या मुलांच्या शिक्षणाची सोय. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या कारागिरावर त्यांचे अविश्वासाचे डोळे आहेत, असे मी धंतोलीतही ऐकले आहे. विदिशाच्या या माणसाने भदोही-मिर्झापूरच्या मागांवरून मुले सोडवत सोडवत जी खूण घडवली, ती पाश्चात्त्य कशी? चिठ्ठी परिपूर्ण नाही. विखुरलेल्या, घराघरांतल्या मागांवर तपासणी पोहोचायला वेळ लागतो, आणि लहान केंद्राला तिचा खर्च जड जातो. पण अपुरी तपासणी आणि शून्य तपासणी यांत निवड करायची असेल तर कोणता न्यायाधीश शून्य निवडील?

एवढे ऐकून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: मग असला गालिचा घ्यायलाच नको, यंत्राचा आणू आणि मोकळे होऊ. हाही पक्ष मला मान्य नाही. नेपाळची मागणी कोसळली तेव्हा वाईट कारखान्यांबरोबर चांगल्या केंद्रांनाही झळ बसली. अमेरिकेत बालमजुरीच्या मालाविरुद्ध विधेयक येणार या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी १९९३ च्या सुमारास हजारो मुले रातोरात काढून टाकली. त्यांतली कित्येक शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांकडे गेली, हे युनिसेफने पुढे नोंदवले. पाठ फिरवणे म्हणजे शुद्ध राहणे नव्हे. प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक हवा. निघून जाणारा गिऱ्हाईक कोणाच्याच उपयोगाचा नाही.

आणि हे सारे आपल्यापासून दूर कुठे हिमालयात चालले आहे असेही समजू नये. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. पठारावरच्या लोकांनी तिथे धानाच्या मुलखात शेती शिकली. जोडीला गालिच्याचे माग लावले. दिवाळी सरली की तिबेटी कुटुंबे नागपुरासारख्या शहरांत स्वेटरांची दुकाने मांडतात, हे आपण सगळे पाहतो.

त्या स्वेटरांविषयी आपल्याकडे काय समज आहे? तिबेटी बायकांनी हाताने विणलेले, पठाराच्या लोकरीचे. प्रत्यक्षात त्यांतला बहुतेक माल लुधियानाच्या कारखान्यांतला, यंत्रावरचा. तिबेटी विक्रेते तो लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून मुख्यतः उधारीवर उचलतात आणि हंगाम संपल्यावर फेडतात. दशकानुदशके हा व्यवहार शब्दावर चालला आहे आणि लुधियानाचा व्यापारी त्या शब्दावर विसंबतो. म्हणजे आपण ज्या स्वेटरवर हातकामाची आणि परंपरेची पुण्याई चढवतो, त्यात ती दोन्ही नाहीत. आणि जी खरी नीती त्यात आहे, दिलेला शब्द पाळण्याची, ती आपल्या गावीही नाही. पूर्वपक्षाची नजर कुठे चुकते याचा याहून जवळचा दाखला मला देता येणार नाही.

आणि आता तो प्रश्न, ज्याला पूर्वपक्ष कधीच हात घालत नाही. गालिचा इतका वंदनीय आहे, तर विणकराची मुलगी मागावर का बसत नाही? निर्वासित वसाहतींतून तरुण पिढी शहरांकडे आणि परदेशाकडे निघून चालली आहे. रसिक म्हणतात, परंपरेचे प्रेम उरले नाही. ज्या कामाचा दर वीस दिवसांनंतरही गाठींच्या हिशेबात कापला जातो, त्या कामापेक्षा दोन-तीन महिन्यांच्या स्वेटरविक्रीत अधिक मिळत असेल, तर प्रेमाचा प्रश्नच कुठे येतो? ती मुलगी शहाणी आहे. तिने हिशेब केला. आपण मात्र तिच्या वतीने परंपरा वाचवायला निघालो आहोत, तिला न विचारता, आणि तिच्या आईला पाच हजारांत पटवून.

चौकशीने कारागिराचा अपमान होतो, हा आक्षेप आता उरतो. कोणत्या कारागिराचा? "तुम्हाला दिवसाचे किती मिळतात?" या प्रश्नाने मजुरी घेणाऱ्या बाईला राग आल्याचे मी कधी पाहिलेले नाही. तो प्रश्न विचारला की अस्वस्थ होतो तो तिच्या आणि आपल्या मध्ये उभा असलेला माणूस.